शिरें तोडण्याचें गणित

पुणें-दौंड लोहमार्गावरील केडगांव हें गांव पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळें महाराष्ट्रास फार दिवसांपासून ठाऊक आहे. तेथील स्थानकाच्या फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट पाहात विद्यार्थी, नोकरदार, व्यापारी अशी नाना तऱ्हेची मंडळी उभी असते, आणि त्यांतील तरुणांच्या माना बहुधा मोबाईलच्या पडद्यावर वांकलेल्या असतात. हें दृश्य केवळ केडगांवचें नव्हे. तें आतां घरोघरचें झालें आहे, आणि त्याबरोबर वडीलधाऱ्यांचा एक प्रश्नहि घरोघरचा झाला आहे. पडद्यावरच्या ह्या मारामाऱ्यांतून मुलांच्या पदरीं पडतें तरी काय?

सर्व खेळांना मिळून एकच उत्तर देणें म्हणजे सर्व पुस्तकांना एकाच तराजूंत घालणें होय. कांहीं खेळांतून बोटांच्या चपळाईखेरीज कांहींच पदरीं पडत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु कांहीं खेळ असेहि आहेत कीं, त्यांत तलवार हातीं असली तरी जय मिळतो तो वजाबाकीला. अशाच एका खेळाची रचना आणि त्यामागचें गणित येथें उलगडून पाहावयाचें आहे. पाटी किंवा कागद जवळ असल्यास ऐकणारांस अधिक गोडी वाटेल.

ह्या खेळाचें नांव 'हायड्रा स्लेयर', म्हणजे हायड्राचा संहारक. वॉर्सा विद्यापीठाशीं संबंध असलेले पोलंडमधील गणितज्ञ एरिक कोप्चिन्स्की यांनीं 'झेनो रोग' ह्या टोपणनांवानें तो रचला. हायड्रा हा ग्रीक पुराणांतील अनेक मुखांचा सर्प. त्याचें एक शीर तोडलें तर त्या जागीं दोन उगवत, अशी कथा आहे. खेळांत असे हायड्रे एकामागून एक सामोरे येतात. कोणाला चार शिरें, कोणाला दहा, कोणाला शंभर. खेळाडूनें त्यांची शिरें तोडीत पुढें जावयाचें. पण कोणतें शस्त्र किती शिरें तोडतें आणि त्यानंतर किती नवीं उगवतात, ह्याचा हिशेब चुकला तर शूरांतल्या शूरालाहि तेथेंच पडावें लागतें.

गणितांत युद्ध आणण्याची ही कल्पना महाराष्ट्रास परकी वाटण्याचें कारण नाहीं. भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ मधला, आणि त्यांची 'लीलावती' इ.स. ११५० च्या सुमाराची. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेखांत त्यांच्या घराण्याची माहिती असून, नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिल्याची नोंद आहे. ह्या लीलावतींत कर्णवधाचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कर्णाला मारण्यासाठीं अर्जुनानें कांहीं बाण घेतले. त्यांतील निम्म्या बाणांनीं त्यानें कर्णाचे बाण निवारले. एकंदर बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनीं घोडे पाडले. सहा बाण शल्याला लागले, तीन बाणांनीं छत्र, ध्वज आणि धनुष्य तोडलें, आणि एका बाणानें मस्तक उडविलें. तर अर्जुनानें एकंदर बाण किती घेतले? उत्तर १०० येतें. ५० निवारणास, ४० घोड्यांस, ६ शल्यास, ३ छत्र-ध्वज-धनुष्यास आणि १ मस्तकास. बेरीज बरोबर जुळते.

उदाहरण सुंदर आहे, पण त्यांतील युद्ध संपून गेलेलें आहे. कर्ण पडला आहे, बाण सुटले आहेत. विद्यार्थ्यानें केवळ मागाहून मोजणी करावयाची आहे. चुकलें तर पाटी पुसावी आणि पुन्हां मांडावें. अर्जुनाच्या केसालाहि धक्का लागत नाहीं. नव्या खेळांत हेंच युद्ध चालू असतांना गणित करावें लागतें. अर्जुनाच्या भात्यांतील बाणांची संख्या मागाहून काढणें निराळें, आणि आतां कोणता बाण सोडावा हें ठरविणें निराळें. पहिल्यांत उत्तर हवें असतें. दुसऱ्यांत क्रम हवा असतो. ह्या दोहोंतील अंतर ध्यानीं घेतलें कीं ह्या खेळाचें मर्म हातीं येतें.

हा खेळ ज्या जातीचा आहे तिला 'रोगलाइक' म्हणतात. ह्या शब्दाचा व्याधीशीं कांहीं संबंध नाहीं. इ.स. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन ह्या विद्यार्थ्यांनीं संगणकावर 'रोग' नांवाचा एक खेळ रचला. पुढें केन अर्नोल्ड हेहि त्या कामांत सामील झाले. इंग्रजींत ह्या शब्दाचा अर्थ लुच्चा किंवा उडाणटप्पू. त्या काळीं पडद्यावर चित्रें काढण्याची सोय बेताचीच होती. म्हणून भुयाराच्या भिंती रेघांनीं दाखवीत, राक्षस म्हणजे रोमन लिपींतील मोठीं अक्षरें, आणि नायक म्हणजे एक लहानसें चिन्ह. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर तो खेळ इतका गाजला कीं, त्याच्या धर्तीवर पुढें शेंकडों खेळ निघाले, आणि त्या साऱ्या कुळाला त्याचेंच नांव मिळालें.

ह्या कुळाचीं तीन लक्षणें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिलें असें कीं, खेळ पाळीपाळीनें चालतो. बुद्धिबळाप्रमाणें खेळाडूनें एक खेळी केली म्हणजे शत्रूची एक खेळी होते. खेळाडू तासभर विचार करीत बसला तरी राक्षस जबडा उघडून तसाच ताटकळत उभा! दुसरें असें कीं, प्रत्येक वेळीं भुयार नव्यानें रचलें जातें. कालची वाट आज उपयोगी पडत नाहीं. म्हणून पाठांतरानें काम भागत नाहीं, समजच लागते. तिसरें लक्षण सर्वांत कठोर आहे. नायक मेला कीं मेला. मागच्या पायरीपासून पुन्हां आरंभ करण्याची सवलत नाहीं. सारा खेळ पहिल्यापासून मांडावा लागतो. विचाराला हवा तेवढा वेळ, पण चुकीला क्षमा नाहीं, अशी ही योजना आहे.

आतां प्रत्यक्ष गणिताकडे वळावें. मूळ खेळांत हायड्रांचे रंग आणि शस्त्रांच्या जाती पुष्कळ आहेत, आणि किती शिरें पुन्हां उगवणार हें त्यांवर ठरतें. शिरांची संख्या निम्मी करणारींहि शस्त्रें आहेत. येथें ती सारी गुंतागुंत बाजूस ठेवून एक साधा नमुना घेऊं.

एक दहा शिरांचा असुर आहे असें समजावें. नायकाजवळ दोन तलवारी आहेत. धाकटी तलवार एका घावांत बरोबर ३ शिरें तोडते, आणि त्यानंतर १ नवें उगवतें. थोरली तलवार बरोबर ५ शिरें तोडते, आणि त्यानंतर २ नवीं उगवतात. तलवार जितकीं शिरें तोडते तितकीं शिल्लक नसतील तर ती चालतच नाहीं. तीन शिरांची तलवार दोन शिरांवर व्यर्थ आहे. मात्र एखाद्या घावानें सर्वच शिरें गेलीं तर असुर मेला. मग नवें कांहीं उगवत नाहीं. आणि प्रत्येक घावानंतर असुराला जितकीं शिरें उरलीं असतील तितके दंश नायकाला सोसावे लागतात.

थोरली तलवार घावागणिक अधिक शिरें कमी करते हें उघड आहे. तेव्हां उतावळा वीर तीच उचलणार. पहिल्या घावानें १० मधून ५ गेलीं, २ उगवलीं, राहिलीं ७. दुसऱ्या घावानें ७ मधून ५ गेलीं, २ उगवलीं, राहिलीं ४. आतां थोरली तलवार चालत नाहीं. धाकटीनें ३ तोडलीं, १ उगवलें, राहिलीं २. आणि दोन शिरांवर कोणतीच तलवार चालत नाहीं! दहा शिरांच्या असुराला जो भ्याला नाहीं, तो दोन शिरांच्या असुरापुढें हात जोडून उभा.

बरें, सावधगिरीनें केवळ धाकटी तलवारच चालवावी, तर तिनें दरवेळीं तीन जाऊन एक येतें. म्हणजे दोन शिरें कमी होतात. दहाचीं आठ, आठाचीं सहा, सहाचीं चार, चाराचीं दोन. पुन्हां तोच खड्डा. असुराला दहाऐवजीं नऊ शिरें असतीं तर नऊ, सात, पांच, तीन अशी उतरंड होऊन शेवटच्या घावानें तीनहि गेलीं असतीं. धाकटी तलवार विषम संख्येचा वध करते. सम संख्येपुढें ती हरते. ती जात्या वाईट नाहीं आणि चांगलीहि नाहीं; समोर कोणती संख्या उभी आहे, ह्यावर तिचें मोल ठरतें.

मग दहांचा वध करावा कसा? येथें लीलावतीचें ऋण पुन्हां स्मरावें लागतें. तींत व्यस्तविधि म्हणून एक रीत सांगितली आहे. शेवट माहीत असेल तर तेथून उलट पावलीं आरंभाकडे यावें, ही ती रीत. असुर मरतो तो ३ शिरांवर किंवा ५ शिरांवर, कारण तेवढींच शिरें एका घावांत निःशेष होतात. मृत्यूचीं ही दोन दारें झालीं. ३ वर येतां येतें तें ५ वरून धाकटीनें किंवा ६ वरून थोरलीनें. ५ वर येतां येतें तें ७ वरून धाकटीनें किंवा ८ वरून थोरलीनें. आणि दहांवरून पहिल्याच घावांत ७ किंवा ८ वर उतरतां येतें. दोन टोकांकडून खणलेला बोगदा मध्यें मिळावा, तशी वाट मिळाली.

अशा तीन घावांच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट: धाकटीनें १० चीं ८, थोरलीनें ८ चीं ५, आणि थोरलीनें ५ चा निःपात. दुसरी वाट: थोरलीनें १० चीं ७, धाकटीनें ७ चीं ५, आणि थोरलीनें ५ चा निःपात. घाव दोहोंतहि तीनच, तलवारी त्याच. बदलला तो केवळ पहिल्या दोन घावांचा क्रम. परंतु पहिल्या वाटेंत नायकाला आधीं ८ आणि मग ५ मिळून १३ दंश सोसावे लागतात. दुसरींत ७ आणि ५ मिळून १२. नायकाच्या अंगीं बारा दंश सोसण्याचेंच बळ उरलें असेल, तर एक वाट विजयाची आणि दुसरी मरणाची. शाळेंत बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाहीं असें शिकवितात, आणि तें खरेंच आहे. पण व्यवहारांत मध्यंतरीं जें सोसावें लागतें तें क्रमावर अवलंबून असतें, हें कर्ज फेडणाऱ्या गृहस्थाला कोणी सांगावें लागत नाहीं. आणि ह्या खेळांत तें लहान मुलालाहि कळतें.

याहून पुढचा धडा अधिक मोलाचा आहे. एखाद्या असुराला ९९ शिरें आहेत, आणि हातीं तीन तलवारी. एक ४ तोडते, मग १ उगवतें. दुसरी ७ तोडते, मग १ उगवतें. तिसरी २ तोडते, पण मग ५ उगवतात. ह्याचा वध कोणत्या क्रमानें होईल? तास दोन तास खटपट करून पाहावी. वाट सांपडणार नाहीं, कारण ती नाहींच. पहिल्या तलवारीनें एकंदरींत ३ कमी होतात, दुसरीनें ६ कमी होतात, तिसरीनें ३ वाढतात. आरंभींचे ९९ तिनांनीं भाग जाणारे, आणि प्रत्येक घावाचा फेरफारहि तिनांनीं भाग जाणारा; म्हणून उरणारी संख्या सदैव तिनांच्याच पटींत राहाणार. वध होतो तो ४, ७ किंवा २ शिरांवर. आणि त्यांतील एकहि संख्या तिनांच्या पटींत नाहीं. नायक फार तर ३ वरून ६ वर आणि ६ वरून ३ वर असा तेल्याच्या बैलासारखा फिरत राहील.

जुन्या पिढींतील मंडळींना हा विचार ओळखीचा वाटेल. मोठा गुणाकार केल्यावर ते नवाचा ताळा पाहात. आंकड्यांची बेरीज करून, नऊ टाकून उरलेल्या बाकीवरून चूक पकडण्याची ती रीत. ताळा जुळला नाहीं तर सारा गुणाकार पुन्हां न करतांहि तो चुकला आहे असें छातीठोकपणें सांगतां येतें. येथेंहि तेंच. हजारों वाटा एकेक करून न चालतां, सर्वच वाटा बंद आहेत हें एका बाकीवरून कळतें. अमुक गोष्ट करावी कशी हें सांगणारें गणित सर्वांस ठाऊक असतें. अमुक गोष्ट होणारच नाहीं असें सिद्ध करणारें गणित पुष्कळांना आयुष्यांत भेटतच नाहीं. ह्या खेळांत तें मुलाला पहिल्या काहीं दिवसांतच भेटतें, आणि त्याचा उपयोगहि तत्काळ होतो. ज्या हायड्राचा वध हातच्या शस्त्रांनीं होणार नाहीं, त्याच्यापासून मुकाट्यानें दूर व्हावें आणि निराळें शस्त्र मिळवून परतावें. अशी माघार म्हणजे भ्याडपणा नव्हे. तो हिशेब आहे.

पुराणकथा ह्या दृष्टीनें पाहिल्या तर त्यांतहि हेंच सांगितलेलें आढळतें. वाल्मीकि रामायणांत श्रीराम रावणाचें शीर तोडतात तों त्या जागीं दुसरें उगवतें, आणि हें पुनःपुन्हां घडतें. शेवटीं सारथि मातलि आठवण देतो, आणि श्रीराम ब्रह्मास्त्र योजून रावणाच्या हृदयाचा वेध घेतात. देवीमाहात्म्यांतील रक्तबीजाच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबापासून नवा असुर उठे. तेव्हां कालीनें रक्त भूमीवर पडूंच दिलें नाहीं. ग्रीक कथेंत हर्क्युलिस हायड्राचें शीर तोडी आणि त्याचा पुतण्या तोडलेली जागा जळत्या कोलितानें डागून टाकी. देश निराळे, काल निराळे. पण उपाय एकच. अधिक जोरानें मारणें हा तो उपाय नव्हे, तर वाढीचें मूळ शोधणें हा. रोगराई, सावकारी व्याज, किंवा घरांतील अनावर खर्च ह्यांच्याशीं ज्यांनीं झुंज दिली आहे त्यांना ह्या कथांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

गणितज्ञांनीं तर ह्या हायड्राला थेट तर्कशास्त्राच्या गाभाऱ्यांत नेऊन ठेवलें आहे. इ.स. १९८२ सालीं लॉरी कर्बी आणि जेफ पॅरिस ह्या दोघांनीं एक निराळा हायड्रा कल्पिला. तो झाडासारखा आहे. बुंध्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि टोकांना शिरें. एक शीर तोडलें कीं तें ज्या फांदीवर होतें तिच्या उरलेल्या भागाच्या नव्या प्रती एक सांधा खालून फुटतात. पहिल्या घावानंतर एक, दुसऱ्यानंतर दोन, शंभराव्यानंतर शंभर. केवळ बुंध्यालाच चिकटलेलें शीर तोडलें तर मात्र नवें कांहीं फुटत नाहीं. असा हा दिवसेंदिवस फोफावणारा राक्षस कधीं मरेल असें कोणाला वाटेल? पण सिद्धान्त असा आहे कीं, कोणतीहि शिरें कोणत्याहि क्रमानें तोडीत गेलें तरी तो शेवटीं मरतोच. येथें हर्क्युलिसला हरतांच येत नाहीं.

हें कसें, तें जुन्या नाण्यांच्या दाखल्यानें ओळखतां येईल. एखाद्याजवळ कांहीं रुपये, कांहीं आणे आणि कांहीं पैसे आहेत. त्यानें दररोज एक नाणें टाकून द्यावयाचें. रुपया टाकला तर त्याबदलीं त्याला हवे तितके आणे मिळतात, मग ते लाख कां असेनात. आणा टाकला तर हवे तितके पैसे मिळतात. पैसा टाकला तर कांहींच मिळत नाहीं. त्याची थैली कधीं रिती होईल काय? होईल. रुपये वाढण्याचा मार्गच नाहीं, म्हणून ते कधीं तरी संपतील. रुपये संपल्यावर आणे वाढण्याचा मार्ग राहात नाहीं, म्हणून तेहि संपतील. मग पैसे संपतील. नाण्यांची गणति क्षणोक्षणीं वाढली तरी त्यांची प्रत उतरत जाते. झाडरूपी हायड्राचेंहि असेंच आहे. शिरें वाढतात, पण तीं खालच्या पायरीचीं असतात. आश्चर्य असें कीं, पायऱ्या कितीहि असोत, हायड्रा मरतोच हें सत्य पूर्णांकांच्या नेहमीच्या मूलतत्त्वांवरून सिद्ध करतां येत नाहीं, असेंहि कर्बी आणि पॅरिस यांनीं दाखवून दिलें. त्यासाठीं अनंताच्याहि पलीकडील क्रमसंख्यांचा आधार घ्यावा लागतो. लहान मुलाला समजणारा खेळ, आणि त्याच्या तळाशीं इतकें खोल पाणी!

संख्यांशीं असा पाळीपाळीचा खेळ खेळण्यांत ज्यांनीं जन्म घालविला, असे एक गृहस्थ महाराष्ट्रांतच होऊन गेले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळालीच्या शाळेंतील शिक्षक. कोणतीहि चार आंकडी संख्या घ्यावी, मात्र तिचे सर्व आंकडे एकच नसावे. ते आंकडे उतरत्या आणि चढत्या क्रमानें मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हां करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि तेथेंच थांबते, हें त्यांनीं इ.स. १९४९ सालीं मद्रास येथील परिषदेंत मांडलें. ३५२४ घेतले तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. त्यांनीं शोधलेल्या संख्यांच्या एका प्रकाराला मुंबईपासून कांहीं मैलांवरच्या एका रेल्वे स्थानकाचें नांव दिलें, कारण त्यांची कल्पना त्यांना तेथें सुचली होती. फलाटावरचा रिकामा वेळ सर्वांनाच मिळतो. त्याचें काय करावयाचें, हें ज्याच्या त्याच्या हातीं असतें.

ह्यावरून असे खेळ म्हणजे गणिताची शाळाच, असा अर्थ कोणी काढूं नये. खेळांतील असुराचें गणित नेमकें असतें. कोणतें शीर केव्हां उगवणार हें आधींच सांगितलेलें असतें. संसारांतील संकटें इतकीं प्रामाणिक नसतात. शिवाय, कितीहि चांगला झाला तरी तो खेळच. त्यापायीं जेवणाची आणि झोंपेची वेळ टळूं लागली तर त्याचाहि वाढत्या शिरांचा असुर होतो. पण गणिताच्या पुस्तकाला जें साधत नाहीं तें ह्या खेळाला साधतें. पुस्तकांतील प्रश्न विद्यार्थ्याला दुसऱ्यानें घातलेला असतो. खेळांतील प्रश्न त्याचा स्वतःचा होतो. बारा दंशांचें बळ उरलें असतां वजाबाकी कोणी लादलेली वाटत नाहीं. ती हवीशी वाटते. आणि मेलेला नायक परत येत नाहीं, हें एकदां अनुभवलें म्हणजे हात उचलण्याआधीं मोजण्याची संवय आपोआप जडते.

एवढ्यासाठीं पडदा असलाच पाहिजे असेंहि नाहीं. दहा चिंचोके आणि एक पाटी पुरे. एकानें असुर व्हावें, एकानें नायक. नायकानें कोणती तलवार चालविली तें सांगावें. असुरानें तितके चिंचोके उचलून नवे मांडावे, आणि उरलेले मोजून दंश पाटीवर लिहावे. चुकलेला घाव परत घेऊं द्यायचा नाहीं, एवढा एकच नियम मोठ्यांनीं कसोशीनें पाळावा. पहिला डाव संपला कीं आठ चिंचोके घ्यावे, मग अकरा, मग बारा. आणि कोणती संख्या मरते व कोणती अडते ह्याची यादी मुलांनाच करूं द्यावी. उत्तर आपण होऊन सांगूं नये.

केडगांवच्या एखाद्या घराच्या ओसरीवर असा डाव मांडला गेला, आणि दोन चिंचोक्यांपुढें अडलेल्या मुलानें "थांबा, पहिल्यापासून उलटें मोजून पाहातों" असें म्हटलें, तर वडीलधाऱ्यांच्या त्या जुन्या प्रश्नाचें उत्तर तेथेंच मिळालें असें समजावें.